हिरवा दगड रंगवायचा तर आधी काळ्याचा डबा उघडा

हिरवा मार्बल रंगवायचा म्हटलं की बहुतेक जण हिरव्याचा डबा उघडतात, दोन हात मारतात आणि वरून पांढऱ्या रेघा ओढतात. लांबून बघितलं की कलिंगड दिसतं. खरा हिरवा दगड मुळात काळपट असतो. हिरवं त्याच्या आत कुठेतरी अडकलेलं असतं आणि पांढरं सगळ्यात शेवटी भेगांत शिरलेलं असतं. रंगवतानाही क्रम हाच ठेवायचा: काळं, मग हिरवं, मग भेगा, मग पॉलिश.

मी हे काम सेटवर शिकले. गोरेगावला प्लायचे खांब आणि पीओपीच्या पायऱ्या रातोरात हवेलीच्या करायच्या असायच्या. कॅमेऱ्याला आठ-दहा फुटांवरून खरं वाटलं की मास्तर म्हणायचे, ‘चल, पुढचा खांब घे.’ घरातलं काम वेगळं. तिथे माणूस चहाचा कप घेऊन बसतो, रोज बसतो, आणि कधीतरी नाक लावून बघतोच. म्हणून इथे सांगतेय ती पद्धत सेटवरची नाही, त्यापेक्षा बरीच सावकाशीची आहे. उदाहरणाला देवघराचा ओटा घेतलाय, चार फूट लांब, दोन फूट रुंद, एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा). टीपॉय, खिडकीचा कट्टा, टीव्हीमागची पट्टी, काहीही असलं तरी कृती तीच.

दगड बघून या

आपल्याकडे दुकानात ‘ग्रीन मार्बल’ म्हणून जो मिळतो, तो बराचसा राजस्थानचा. उदयपूरच्या दक्षिणेला साधारण ६५ किलोमीटरवर ऋषभदेव आहे, जैनांचं केसरियाजी तीर्थ. त्या पट्ट्यात याच्या खाणी आहेत. त्यामुळे कोणी केसरियाजी ग्रीन म्हणतं, कोणी उदयपूर ग्रीन. युरोपातल्या रंगाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्याची नक्कल केली तो दगड ग्रीसमधल्या थेसालीचा, लारिसा शहराजवळचा. इस्तंबूलची आया सोफिया ५३७ साली पूर्ण झाली, तिच्या मधल्या दालनातले मोठे हिरवे खांब याच दगडाचे आहेत. दोन्ही दगडांची जात मात्र एक.

आणि ती जात मार्बलची नव्हे. मार्बल म्हणजे चुनखडकाचं रूप बदलून झालेला दगड. हा सर्पेंटिनाइट. जमिनीत खूप खोलवरच्या, लोह आणि मॅग्नेशियम भरपूर असलेल्या खडकात पाणी शिरतं, त्यातल्या ऑलिव्हिन या खनिजाचं सर्पेंटाइन हे दुसरं खनिज होतं, खडक फुगतो आणि तडकतो. तडकलेल्या भेगांत पुढे कॅल्साइट, डोलोमाइट, मॅग्नेसाइट असली फिकट खनिजं भरत जातात. सुटलेल्या लोहाचं मॅग्नेटाइट होतं, तेच ते काळे कण. दोऱ्याला लहानसा लोहचुंबक बांधून दगडाजवळ नेलात तर पुष्कळदा तो किंचित ओढला जातो. माझ्या भाच्याला हा खेळ फार आवडतो.

रंगवणाऱ्याला याचा उपयोग काय, तर सगळाच. दगड तडकून तुकडे झालेत, म्हणून तुकड्यांना कोपरे असतात, ते गोटे नसतात. एकाच तुकड्याचे दोन भाग झाले असतील तर समोरासमोरच्या कडा जुळतात, मनातल्या मनात भेग मिटवली तर ते परत एकमेकांत बसले पाहिजेत. पांढरी शीर म्हणजे भरलेली भेग, त्यामुळे ती हवी तिथे लहरत जात नाही, फुटलेल्या जागेतूनच जाते. दोन शिरा जिथे भेटतात तिथे जाडी वाढते. नंतर आलेली शीर आधीच्या शिरेला कापून जाते आणि कापताना कधीकधी तिला थोडी सरकवूनही टाकते. शेवटची ही बारीक गोष्ट एखाद्या ठिकाणी जरी रंगवलीत, तरी दगडवाल्याची नजर तिथे अडकते.

तेव्हा पहिलं काम, मार्बलच्या दुकानात जाऊन तुटका तुकडा मागायचा. तळहाताएवढा पुरतो, आणि बहुतेक दुकानदार तो फुकट देतात. घरी आणून ओला करा, खिडकीपाशी धरा, फोनवर फोटो काढा आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. डोळ्याला जे ‘हिरवं’ वाटत होतं त्यातलं निम्म्याहून जास्त जवळजवळ काळं निघेल. फिकट हिरवं थोडं, पांढरं अगदीच थोडं. हा फोटो काम संपेपर्यंत समोर चिकटवून ठेवा. इंटरनेटवरचे फोटो घेऊ नका. त्यांचे रंग चढवलेले असतात आणि बघणाऱ्याचा हात आपोआप पोपटीकडे जातो.

लांबी (पुट्टी) आणि पहिला हात

पॉलिश केलेल्या दगडाला ब्रशच्या खुणा नसतात, लाकडाचे रेषे नसतात, खिळ्याचे खड्डे नसतात. ओट्यावर यातलं काहीही दिसलं की पुढचं सगळं कसब वाया. प्लाय असेल तर रेषे मिटेपर्यंत लांबी ओढा. एमडीएफचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो पण कापलेल्या कडा शाईकागदासारखं पितात, तिथे लांबीचे दोन पातळ हात द्या. मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, परत २२० चा पेपर. हात फिरवून बघायचं, डोळे मिटून. बोटाला जे लागतं ते पॉलिशनंतर डोळ्याला दिसतंच.

त्यावर काळा सॅटिन इनॅमल, दोन हात, लहान फोम रोलरने. ग्लॉसी इनॅमल नको, त्यावर ग्लेझ (तेलात पातळ केलेला, आरपार दिसणारा रंग) घसरतं आणि थेंबथेंब होऊन बसतं. घरात ग्लॉसीच शिल्लक असेल तर सुकल्यावर ४०० च्या पेपरने त्याची चमक मोडा. निव्वळ काळा डोळ्याला मृत वाटतो, म्हणून मी त्यात थोडा गडद हिरवा स्टेनर (डब्यातल्या रंगात मिसळायचा दाट रंग) घालते, काळ्याला जेमतेम हिरवी झाक येईल इतकाच. डब्यात बघून फरक कळत नाही. सुकल्यावर पांढऱ्या कागदाशेजारी धरलं की कळतो. दुसऱ्या हातानंतर पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही, पावसाळ्यात दोन.

रंगांचं ताट

ट्यूबमधले ऑइल कलर घ्या, आर्टच्या दुकानातले. विद्यार्थ्यांच्या दर्जाचे चालतात. लागतात ते असे: क्रोम ऑक्साइड ग्रीन, विरिडियन, रॉ अंबर, यलो ओकर, प्रशियन ब्लू, काळा आणि टिटॅनियम व्हाइट. क्रोम ऑक्साइड हा मुका, अपारदर्शक हिरवा. तो दगडाचं अंग देतो. विरिडियन पारदर्शक आणि थंड, तो खोली देतो. दुकानदार विरिडियनऐवजी थॅलो ग्रीन पुढे करेल. घ्यायला हरकत नाही, फक्त तो काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढाच वापरायचा, कारण त्याची ताकद भयंकर असते आणि एकदा पसरला की ओटा स्वीमिंग पूलच्या टाइल्ससारखा दिसतो. कोणताही हिरवा ट्यूबमधून थेट लावायचा नाही. प्रत्येकात रॉ अंबर हवाच. दगडातला हिरवा नेहमी थोडा मळका असतो.

मी चार वाट्या लावते. पहिलीत क्रोम ऑक्साइड आणि अंबर, हा मधला हिरवा. दुसरीत विरिडियन, प्रशियन ब्लू आणि थोडा काळा, हा खोल हिरवा. तिसरीत क्रोम ऑक्साइड, ओकर आणि पांढरा, हा फिकट, राखाडीकडे झुकणारा. चौथीत नुसता पांढरा, अंबरच्या टोकाने मोडलेला. तिसरी वाटी सगळ्यात कमी भरायची. ती हाताशी भरपूर असली की वापरली जातेच.

रंग पातळ करायला ग्लेझ लागतं: एक भाग डबल बॉइल्ड जवसाचं तेल (दुकानात अलसीचं म्हणून मागा), दोन भाग टर्पेंटाइन आणि ड्रायरचे (तेल लवकर सुकवणाऱ्या द्रवाचे) काही थेंब. रंग त्यात इतका कालवायचा की ब्रशवरून दुधावरच्या पातळ सायीइतका सुटेल आणि खालचा काळा त्यातून दिसत राहील.

पाण्यातल्या अॅक्रिलिकने हेच करता येतं का, असं प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच. येतं. वास नाही, ब्रश नळाखाली धुतले की झालं. पण एप्रिल-मेमध्ये मुंबईत पंखा चालू असेल तर अॅक्रिलिक बघता बघता सुकतं आणि कडा मऊ करायला वेळच मिळत नाही. वापरायचंच असेल तर सुकणं लांबवणारं रिटार्डर घाला, पंखा बंद करा आणि फूटभराचाच भाग घ्या. मी स्वतः तेलातच करते. दगडाला घडायला वेळ लागलाय, आपणही तासभर द्यायला हरकत नाही.

खिडक्या उघड्या ठेवा, हातात मोजे घाला. आणि तेलाच्या फडक्यांचं मी मुद्दाम सांगतेय: जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळा करून कोपऱ्यात टाकलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. काम झालं की फडकी सुटी पसरून वाळत घाला किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. कचऱ्याच्या डब्यात कोंबायची नाहीत.

हिरवं बसवणं

हत्यारं साधी आहेत. एक इंच आणि दोन इंच फ्लॅट ब्रश, बकरीच्या केसांचा रुंद मऊ ब्रश, दुधाच्या धुऊन वाळवलेल्या रिकाम्या पिशव्या, जाड पुठ्ठ्याचे तुकडे, एक जुना टूथब्रश, सुती फडकं. परदेशात रंग मऊ करायला बिज्जूच्या केसांचा ब्रश वापरतात, तो फार महाग असतो. बकरीचा ब्रश त्याचं काम पुष्कळसं करतो, फक्त दर दोन-तीन मिनिटांनी तो कोऱ्या फडक्यावर पुसत राहायला हवा.

सुरू करण्याआधी दिशा ठरवा. दगडाच्या लादीत एक कल असतो, डावीकडून उजवीकडे तिरका उतरणारा, कधी उलटा. ओट्याच्या कडेला समांतर मात्र कधीच नसतो. खडूने एकच पुसट रेघ मारून ठेवा, हात त्या दिशेला राहतो.

आता सुकलेल्या काळ्यावर नुसत्या ग्लेझचा अगदी पातळ हात फडक्याने पुसून घ्या, म्हणजे रंग सरकेल. त्यावर मधल्या हिरव्याचे ठिपके-पट्टे, तिरके, वेगवेगळ्या आकारांचे, मध्ये काळं मोकळं सोडत. मग त्यांच्या पोटात आणि शेजारी खोल हिरवा. शेवटी फिकट, तीन-चार ठिकाणीच, तेही मधल्या हिरव्याच्या आत. साधारण अर्धा पृष्ठभाग झाकला गेला पाहिजे. उरलेल्या अर्ध्यात काळं दिसत राहू द्या, त्याच्यावाचून वरचा हिरवा उजळत नाही.

इथे दुधाची पिशवी. ती चुरगळून पुन्हा सैल उलगडा, ओल्या रंगावर टाका, तळव्याने हलकेच दाबा आणि एका बाजूने सोलल्यासारखी उचला. प्लास्टिकच्या सुरकुत्यांनी रंग ढकलला जातो आणि खाली कोनाकोनाचं, तडकलेलं जाळं उमटतं. हा परिणाम ब्रशने काढायला बसलात तर दुपार जाईल आणि तरी हाताने काढलेला आहे हे कळेल. पिशवी प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात फिरवा. एकाच बाजूने दाबत राहिलात की छाप पुन्हापुन्हा उमटतो, आणि तोच आकार ओट्यावर दोनदा दिसला की संपलं. काही जण वर्तमानपत्राचा बोळा वापरतात, पण टर्पेंटाइनने छपाईची शाई सुटते आणि हिरव्यावर राखाडी मळ बसतो.

जाळं उमटल्यावर पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, त्याची कड धारदार असू द्या. जिथे हिरवं दाट साचलंय तिथे एक-दोन फटकाऱ्यांत रंग खरवडून टोकदार आकार काढा: त्रिकोणी, वाकडे चौकोनी, एखादा लांबट. खालचा काळा उघडा पडतो आणि दगडाचे तुकडे वेगळे झाल्यासारखे दिसतात. मोठे तुकडे एका बाजूला गोळा करा, दुसरीकडे चुरा ठेवा. तुकडे सगळीकडे सारखे पसरले की फरशीचं डिझाइन वाटतं.

मग टूथब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवा, झटका आणि अंगठ्याने बारीक तुषार उडवा. थेंब पडला की रंग बाजूला सरकतो आणि मध्ये लहानसं, कडा असलेलं छिद्र उघडतं. अर्ध्या मिनिटाने बघा, जास्त वाटलं तर फडक्याने टिपा. तुषारसुद्धा दोन-तीन जागी दाट, बाकी ठिकाणी नाहीच.

शेवटी बकरीचा ब्रश, कोरडा. केसांच्या टोकांनी, पिसाने झाडल्यासारखं, आधी कलाच्या दिशेने आणि मग आडवं. सगळ्या कडा मऊ करू नका. खोल असलेल्या गोष्टींच्या कडा मऊ, वर असलेल्यांच्या तीक्ष्ण. एवढ्या एका फरकावर डोळा फसतो आणि सपाट एमडीएफला आतपर्यंत बघता येतंय असं वाटतं. इथे घाई करू नका, पण ब्रश परत परत फिरवतही बसू नका. हिरवं काळ्यात मिसळून शेवाळी चिखल व्हायला लागला की ब्रश खाली ठेवायचा.

दोन दिवस सुकू द्या. मग खोल हिरव्याचं अगदी पातळ ग्लेझ, विरिडियन आणि कणभर प्रशियन ब्लू, पृष्ठभागाच्या साधारण दोन-तृतीयांश भागावर फडक्याने पसरा आणि काही तुकड्यांवरून पुसून काढा. पुसलेले तुकडे वर येतात, न पुसलेले तळाशी जातात. हा दुसरा थर बरेच जण गाळतात, कारण पहिल्यानंतरच काम ‘छान’ दिसायला लागलेलं असतं. गाळू नका.

शिरा

नवशिक्याचं काम शिरांत ओळखू येतं. त्या जास्त असतात, सगळ्यांची जाडी सारखी असते, आणि सगळ्या ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विजेसारख्या जातात. चार बाय दोनच्या ओट्याला दोन मुख्य शिरा खूप झाल्या. बाकी केसासारखे फाटे.

ब्रशपेक्षा पीस चांगलं. कोंबड्याच्या शेपटीचं लांब पीस चिकनवाल्याकडे सहज मिळतं. साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, टर्पेंटाइनमध्ये बुडवून टिपा आणि त्याच्या कडेला चौथ्या वाटीतला मोडलेला पांढरा लावा. पीस टोकाजवळ नाही, मागे, सैल धरायचं. हात ओढताना बोटांत किंचित फिरवत राहायचं, म्हणजे रेघ आपोआप जाड-बारीक होते, मध्येच तुटते, दुहेरी होते. हात थोडा थरथरला तर थरथरू द्या. पन्नाशीनंतर माझ्या शिरा जास्त बऱ्या यायला लागल्यात.

शीर कुठून न्यायची ते खाली आधीच ठरलेलं आहे: पिशवीने उमटलेल्या जाळ्यातून, खरवडलेल्या तुकड्यांच्या कडेकडेने. एखादा तुकडा तिने मधोमध चिरला तरी चालेल. दोन शिरा भेटतात त्या कोपऱ्यात पांढऱ्याचा लहान त्रिकोण भरा. रेघ ओढून झाली की लगेच एका बाजूला मऊ ब्रशने हलकंसं झाडा, दुसरी बाजू तीक्ष्ण ठेवा. मुख्य शीर सुकल्यावर तिच्यावरून कुठेतरी खोल हिरव्याचं पातळ ग्लेझ न्या, म्हणजे ती काही अंतर दगडात बुडते आणि पुढे परत वर येते.

शुभ्र पांढरा मात्र कुठेही नको. खऱ्या तुकड्यावर कोरा कागद ठेवून बघा, शीर कागदापुढे राखाडी-हिरवट दिसेल.

कडा, सांधे, खांब

आता जिथे खरं बिंग फुटतं ती जागा. ओट्याची पुढची कड. वरचा पृष्ठभाग सुरेख रंगवतात आणि कड नुसती गडद हिरवी सोडून देतात. लादी कापली तर शीर कडेवरही दिसणारच ना? वरून कडेपर्यंत आलेली प्रत्येक शीर, प्रत्येक तुकडा कडेवरून खाली उतरला पाहिजे, त्याच कोनात, आणि तोही वरचा रंग ओला असतानाच. त्यासाठी ओटा विटांवर उचलून ठेवा, चारही बाजूंनी हात फिरायला हवा.

चार फुटांपेक्षा मोठी जागा असेल तर ती एकसंध रंगवू नका. दगड लादीलादीने बसवतात. मास्किंग टेपने भाग पाडा, एक भाग रंगवून सुकवा, मग शेजारचा वेगळ्या कलाने घ्या. सांध्यावर गडद पेन्सिलीची केसभर रेघ. पाठीच्या भिंतीला पुस्तक उघडल्यासारख्या जोडलेल्या दोन लाद्या हव्या असतील तर ट्रेसिंग पेपरवर मुख्य शिरा उतरवून उलट्या करा. पण ते हौसेचं काम, पहिल्यांदाच अंगावर घेऊ नका.

खांबावर तुकडे गोलाभोवती गुंडाळत न्या. समोरून उभे राहून रंगवलंत तर शिरा नेमक्या दिसत्या कडेपाशी संपतात आणि बाजूने चालत गेलं की मागे कोरा खांब दिसतो. सेटवर ते चालायचं, कॅमेरा मागे जात नव्हता.

आणि दगड जिथे असूच शकत नाही तिथे रंगवू नका. दाराचं पान, कपाटाचा ड्रॉवर, गोल वळणाची बारीक बीडिंग. एक बाई मला म्हणाल्या, ‘ताई, फ्रिजवरही करून द्या ना, मॅच होईल.’ मी त्यांना फ्रिजसाठी नुसता काळा सुचवला.

‘शेवटी नकलीच ना?’ असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा मी थॉमस केरशॉचं नाव घेते. हा इंग्रज रंगारी लाकूड आणि दगडाच्या नकलांची पॅनलं रंगवायचा. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात आणि १८५५ मध्ये पॅरिसला त्याला बक्षिसं मिळाली, आणि त्याची पॅनलं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. शिवाय खऱ्या हिरव्या लादीची एक खोड लादी बसवणारे सगळे कारागीर ओळखून असतात: पातळ लादीला पाण्याच्या अॅडहेसिव्हचा ओलावा मागून लागला की ती वाकडी होते, म्हणून ती इपॉक्सीवर बसवावी लागते. माझा ओटा वाकत नाही.

पॉलिश

शिरा झाल्यावर किमान आठवडाभर थांबा. तेलाचा रंग वरून कोरडा लागला तरी आतून ओला असतो, त्यावर तिखट थिनरचं पॉलिश मारलं की सगळं सुरकुततं. दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) हवाच असेल तर पंधरा दिवस ते तीन आठवडे जाऊ द्या आणि आधी नमुन्याच्या तुकड्यावर मारून बघा. हो, नमुन्याचा तुकडा: ओट्यासोबत फूटभराचा एक एमडीएफ प्रत्येक टप्प्याला बरोबरीने रंगवत न्या. शंका आली की आधी त्याच्यावर.

घरी करणाऱ्यांनी सिंथेटिक क्लिअर वार्निश घ्यावं. काळाबरोबर ते थोडं पिवळं पडतं. पांढऱ्या मार्बलवर हे वाईट, हिरव्यावर मात्र शोभतं, दगड जुना वाटतो. तीन पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये एक दिवस आणि ४०० चा हलका पेपर. लॅकर मारायचा विचार असेल तर तो जून ते सप्टेंबर सोडून करा, दमट हवेत लॅकर सुकताना पांढुरका पडतो आणि काळ्या तळावर ते लगेच दिसतं.

शेवटच्या हातानंतर पुन्हा आठवडा. मग साबणाचं पाणी आणि १००० नंबरचा वॉटर पेपर, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, गोल नाही, सरळ. पृष्ठभाग सगळीकडे सारखा मंद झाला की १५०० चा. कडांवर जपून, तिथे वार्निश पातळ असतं आणि खालचा काळा उघडा पडायला वेळ लागत नाही. त्यानंतर गाड्यांना लावतात ते रबिंग कंपाउंड, सुती फडक्याने, आणि शेवटी मेणाचा पातळ हात. वार्निशची चमक आणि घासून आणलेली चमक यात फरक आहे. वार्निश वरवर चकाकतं. घासलेल्या ओट्यात खिडकीचं प्रतिबिंब उभं राहतं, आणि हात ठेवला तर गार लागेल असं वाटतं. लागत नाही अर्थात, एमडीएफ आहे.

देवघराचा ओटा असल्याने थोडं आणखी. समई थेट ठेवू नका, खाली पितळी ताटली हवी, कारण वार्निश उष्णतेने मऊ पडतं आणि समईच्या बुडाचा गोल उमटतो. तेल सांडलं तर ओल्या फडक्याने पुसलं की जातं. कुंकू लगेच टिपा, घासू नका. तांब्या-पितळेची भांडी घासायची पूड ओट्यावर पडली तर आधी फुंकून किंवा झाडून काढा, ओल्या फडक्याने पुसलीत तर तिचे कण पॉलिशवर ओरखडे काढतील. वर्षाकाठी दिवाळीच्या साफसफाईत मेणाचा एक पातळ हात दिला की पुरे. एखादा टवका उडालाच तर तो लांबीने भरा, काळ्याचा ठिपका द्या आणि त्याच्यातून एक बारीकशी शीर शेजारच्या तुकड्यापर्यंत ओढून घ्या.